जुलैतलं प्रोव्हाँस : बाजार, खरबूज आणि लांबलेल्या संध्याकाळी

तुम्ही लिहिलंय की ११ ते २५ जुलै असे दोन आठवडे तुम्ही दोघं, तुमची बहीण आणि तिचा चौदा वर्षांचा मुलगा दक्षिण फ्रान्सच्या प्रोव्हाँस प्रांतात आप्त या गावाजवळच्या एका खेड्यात घर भाड्यानं घेऊन राहणार आहात. सगळे शाकाहारी, अंडं चालतं. प्रश्न दोन विचारलेत. पाव, चीज आणि सॅलड यांच्यापलीकडे तिथं आमच्यासाठी काही आहे का? आणि ठिकाणं पळत पळत उरकण्याऐवजी तिथला उन्हाळा खरोखर अनुभवायचा असेल, तर दिवस कसा आखावा?

मी मूळची सासवडची. गेली बावीस वर्षं ल्युबेरों डोंगराच्या उत्तरेला राहते. त्यातली सतरा वर्षं घरातल्या चार खोल्या पाहुण्यांना देते आणि रात्री सगळ्यांना एका टेबलावर जेवू घालते. याला इथं ‘ताब्ल दोत’ म्हणतात: टेबल एक, जेवण एक, मेन्यूकार्ड नाही. सकाळी बाजारात काय आलंय हे बघितल्याशिवाय माझा रात्रीचा स्वयंपाक ठरत नाही. म्हणून उत्तर जरा लांबणार आहे, पण जे सांगेन ते रोजच्या हाताखालचं आहे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर, आहे आणि भरपूर आहे. मात्र ते हॉटेलात कमी मिळतं आणि बाजारात जास्त. तुम्ही स्वयंपाकघर असलेलं घर घेतलंत हे फार चांगलं केलंत. आता फक्त एक करा, मुंबईहून निघताना पंधरा दिवसांच्या जेवणाची यादी करून येऊ नका.

का, ते खरबुजावरून सांगते. कावायों हे आप्तपासून तासाभराच्या आतलं गाव, आणि तिथलं खरबूज फ्रान्सभर प्रसिद्ध. १८६४ साली तिथल्या नगर वाचनालयानं लेखक अलेक्झांद्र द्युमा यांच्याकडे पुस्तकं मागितली, तेव्हा त्यांनी आपली सगळी प्रकाशित पुस्तकं देऊ केली आणि बदल्यात तहहयात दरवर्षी बारा खरबुजं मागितली. नगरपालिकेनं ती मान्य केली. हे खरबूज आपल्या गिरण्याकाठच्या किंवा भीमेच्या वाळूतल्या खरबुजापेक्षा लहान असतं, दोन तळहातांत मावेल एवढं. आतला गर गडद केशरी. बाजारात खरबूजवाल्यासमोर उभं राहिलात की तो वजन करायच्या आधी एक प्रश्न विचारतो, ‘केव्हा खाणार?’ आज दुपारी, आज रात्री, की उद्या? तुम्ही ‘आज दुपारी’ म्हणालात की तो ढिगातून एक उचलतो, तळहातावर तोलतो, खाली ठेवतो, दुसरं उचलतो. त्याची नजर देठाच्या बुडाशी असते. देठ जिथं फळाला चिकटतो तिथं पिकताना बारीक गोल चीर पडत जाते. चीर नुकती दिसायला लागली असेल तर फळ उद्याचं. अंगठ्यानं दाबल्यावर देठ सुटू पाहत असेल तर ते आत्ताचं. मग तो ते उलटं करतो आणि खालचं टोक तुमच्या नाकाशी धरतो. तिथं वास भरून आला असेल तर घ्यायचं. वास दारूच्या वळणावर गेला असेल तर फळ उतरलेलं. दिसायला दोन्ही सारखीच, आणि मधलं अंतर एका दिवसाचं.

घरी नेल्यावर ते फ्रिजमध्ये टाकू नका. जेवणाआधी तासभर गार पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा. मग आडवं दोन भाग करा, चमच्यानं बिया काढा आणि अर्धं अर्धं वाटीसारखं समोर ठेवा. वर काही घालायची गरज नाही. इथल्या घरांत ते जेवणाच्या शेवटी नाही, सुरुवातीला खातात.

‘केव्हा खाणार?’ हा प्रश्न इथं फक्त खरबुजाला लागू नाही. पीच, जर्दाळू, टोमॅटो, बकरीचं चीज, सगळं याच हिशेबानं विकतात आणि घेतात. एका वेळच्या किंवा फार तर दोन वेळच्या जेवणापुरतं घ्यायचं. मी हे शिकले ते पाहुणे ठेवायला लागले त्या पहिल्याच उन्हाळ्यात. जुलैचा दुसरा आठवडा होता, पाहुण्यांसाठी अंजिराचा पदार्थ ठरवून बाजारात गेले होते. सासवडची मुलगी, अंजीर म्हटलं की मला आपला हक्क वाटतो. भाजीवाल्या म्हाताऱ्या बाईंनी शांतपणे सांगितलं, पहिला बहर संपला, दुसरा ऑगस्टच्या मध्यावर येईल. आणि माझ्या हातावर एक पांढरा पीच ठेवला. पुरंदरला जसा खट्टा बहर आणि मीठा बहर, तसेच इथंही अंजिराचे दोन हंगाम असतात, हे मला तेव्हा कळलं. त्या रात्री पाहुण्यांना पीच दिले, नुसते चिरून, वर ताज्या पुदिन्याची दोन पानं. त्यानंतर मी बाजाराआधी मेन्यू ठरवलेला नाही.

तुमच्या तारखांना काय मिळेल तेही सांगते. चेरी संपलेल्या असतील. जर्दाळू भरात असतील. त्यातली ‘बेर्जरों’ नावाची जात विचारून घ्या. ऱ्होन नदीच्या खोऱ्यातली ही जात लालसर गालाची, आंबट-गोड आणि शिजवली तरी आकार न सोडणारी आहे. आपल्याकडे जर्दाळू म्हणजे सुकामेवा, त्यामुळे ताजं, उन्हानं कोमट झालेलं जर्दाळू पहिल्यांदा खाल तेव्हा ते वेगळंच फळ वाटेल. पांढरे आणि पिवळे पीच, नेक्टरीन, खरबूज. टोमॅटो रंगारंगाचे: काळपट जांभळा ‘न्वार द क्रिमे’, आत अननसासारखा पिवळा-लाल ‘आनानास’, मिरचीसारखा लांबट टोकदार ‘कोर्न्यू’. वांगी, झुकिनी, ढोबळी मिरची, ताजा लसूण, तुळशीच्या जातीतल्या बेझिलच्या जुड्या. आणि नशीब असेल तर ओले बदाम: हिरव्या मखमली सालीतले, फोडून वरचं पातळ कातडं सोलून खायचे. आतला गर दुधाळ आणि करकरीत असतो. आठवडाभरात तो घट्ट होतो आणि ती चव जाते.

आता बाजार कोणते. तुमचं घर शनिवार ते शनिवार असणार, जुलै-ऑगस्टमध्ये बहुतेक घरं तशीच देतात. शनिवारी दुपारी पोचाल तोवर आप्तचा मोठा बाजार उठलेला असेल. म्हणून पहिला बाजार रविवारी सकाळी कुस्तेलेचा. तो शेतकऱ्यांचा बाजार आहे, स्वतःच्या शेतातलंच विकायला आणतात. रविवारी लील-स्यूर-ला-सोर्गचाही बाजार असतो, नदीच्या फाट्यांवर वसलेलं देखणं गाव, पण तिथं गर्दी आणि जुन्या वस्तूंची दुकानं जास्त. सोमवारी फोर्काल्किये, मंगळवारी क्यूक्यूरों, शुक्रवारी लूरमारँ, शनिवारी आप्त. आणि माझा सगळ्यात आवडता म्हणजे वेलेरोंचा बाजार. तो उन्हाळ्यात संध्याकाळी सहाला भरतो, रविवार सोडून रोज, आणि तिथं फक्त पिकवणारेच विकतात. दुपारी खुडलेली झुकिनी संध्याकाळी पिशवीत. गाडीनं जरा लांब पडेल, तरी एकदा जाच.

बाकीच्या बाजारांत पिकवणारे आणि घाऊक मंडईतून आणून विकणारे शेजारी शेजारी बसतात. ओळखायचं कसं? फळीवर ‘प्रोद्युक्तर’ असं लिहिलेलं असेल तर तो पिकवणारा. पण पाटीपेक्षा माल बघा. एकाच टेबलावर केळी, लिंबं, अननस आणि टोमॅटो दिसले तर तो विकत आणलेला माल. पिकवणाऱ्याकडे पाच-सहाच गोष्टी असतात, आकार सारखे नसतात, एखाद्या टोमॅटोला भेग असते, आणि त्याच्या हातांच्या रेषांत माती असते. घाऊकवाल्याकडे घ्यायचंच नाही असं नाही, लिंबं लागणारच. पण खरबूज आणि टोमॅटो पिकवणाऱ्याकडूनच घ्या.

एक रीत काटेकोरपणे पाळा. काहीही बोलायच्या आधी ‘बोंजूर’ म्हणायचं, बाई असेल तर ‘बोंजूर मादाम’, पुरुष असेल तर ‘बोंजूर मस्य’. आपल्याकडे ‘काय भाव?’ हीच सुरुवात असते, त्यात उद्धटपणा नसतो. इथं मात्र नमस्काराशिवाय केलेली सुरुवात माणसाला लागते, आणि बिचारे आपल्याला रागीट वाटतात. आणि फळाला हात लावू नका. आपल्याला दाबून, निवडून घ्यायची सवय, पण इथं बोट दाखवायचं आणि केव्हा खाणार ते सांगायचं, निवड तो करतो. पहिल्या दिवशी हे जड जाईल. दुसऱ्यांदा त्याच माणसाकडे गेलात की तो ओळखेल, आणि तिसऱ्यांदा वजनानंतर एखादा जास्तीचा पीच पिशवीत पडेल. त्यासाठीच सांगते, दोन आठवड्यांत दहा बाजार करण्यापेक्षा दोनच बाजार दोनदा करा. घासाघीस चालत नाही. सुटे पैसे रोख जवळ ठेवा, कापडी पिशव्या न्या, आणि नऊच्या आधी पोचा. साडेबाराला सगळं आवरायला घेतात.

आणलेल्याचं काय करायचं? तुमच्यासाठी इथला पहिला पदार्थ ‘तियाँ’. मुळात तियाँ हे भांड्याचं नाव, आतून झिलई दिलेलं मातीचं पसरट भांडं. आपल्याकडे जशी हंडी भांडंही आणि भाजीही, तसंच. वांगं, झुकिनी आणि टोमॅटो यांच्या सारख्या जाडीच्या चकत्या करायच्या. भांड्याला लसणाची पाकळी घासायची. चकत्या आडव्या न टाकता उभ्या, एकीला एक चिकटवून ओळीनं लावायच्या: वांगं, टोमॅटो, झुकिनी, पुन्हा वांगं. मीठ, थाइमच्या दोन काड्या, आणि ऑलिव्ह तेल हात आखडता न घेता. १८० अंशांवर सव्वा तास. टोमॅटोचं पाणी खाली उतरतं, वांगं ते पितं, वरच्या कडा करपल्यासारख्या गडद होतात. मसाला घालायचा मोह होईल, पहिल्या वेळी घालू नका. आणि गरम गरमही खाऊ नका. सकाळी भाजून ठेवा, दुपारी गार खा. उन्हाळ्यात दुपारी इथं कुणी ओव्हन लावत नाही.

दुसरा पदार्थ, झुकिनीच्या फुलांची भजी. भोपळ्याच्या फुलांची भजी तुमच्या घरी होत असेल तर शिकवायला नकोच. फुलं सकाळी लवकर घ्या. खुडल्यावर काही तासांत ती मिटतात, आणि मिटलेलं फूल उघडायला गेलात तर फाटतं. लांब देठाची असतात ती नर फुलं, ती भज्यांना चांगली. चण्याचं पीठही इथं मिळतं, कारण दक्षिणेला समुद्रकिनाऱ्यालगतच्या भागात त्याचा ‘पानिस’ नावाचा पदार्थ होतो: पीठ पाण्यात घोटून शिजवायचं, थापून गार करायचं, कापून तळायचं. आमच्याकडच्या पाटवडीची दूरची बहीणच. फक्त जिरं, हिंग आणि ठेचा राहून गेलाय.

तिसरा, ‘सूप ओ पिस्तू’. ताज्या शेंगांतले पांढरे आणि लाल दाणे (इथं त्यांना ‘कोको’ म्हणतात, घेवड्याच्या जातीतले), फरसबी, झुकिनी, टोमॅटो, थोडा बारीक पास्ता. शिजत आलं की खलबत्त्यात लसूण, बेझिल आणि ऑलिव्ह तेल कुटून वरून घालायचं. हे कुटण हाच पिस्तू. इटलीतल्या पेस्तोसारखे त्यात चिलगोजे नसतात. ताजे दाणे जुलैच्या शेवटाकडे यायला लागतात, दिसले की घ्या. सोलायला तासभर लागतो, तो अंगणात चौघांनी मिळून घालवावा असा तास आहे.

आणि एक गंमत तुमच्या घरच्यांसाठी. शेतकऱ्याच्या टेबलाच्या कोपऱ्यात कधी जाड, गुळगुळीत, लालसर देठांची पालेभाजी दिसेल, ‘पुर्पिये’. ही आपली घोळ. इथं ती कच्चीच सॅलडमध्ये खातात. मी तिची लसूण आणि मुगाची डाळ घालून भाजी करते आणि टेबलावर एकही पान उरत नाही. तसंच ‘प्ती एपोत्र’ नावाचा छोटा गहू सो गावाच्या पठारावर पिकतो, आपल्या खपली गव्हाचा जवळचा नातलग, खपलीपेक्षाही जुना. तो तांदळासारखा अख्खा शिजवतात. तुम्ही त्याचा मऊ खिचडीसारखा प्रकार केलात तर रात्रीचं जेवण झालं.

आता चीज, आणि इथं मला जपून सांगायला हवं. फ्रान्समधल्या पारंपरिक चीजमध्ये दूध विरजायला बहुतेक ठिकाणी वासराच्या किंवा करडाच्या जठरातलं रेनेट वापरतात. या भागातलं बानों, चेस्टनटच्या पानांत गुंडाळून राफियाच्या तंतूंनी बांधलेलं, तेही त्यातलंच, आणि पिकोदों हे बकरीचं चीजही. किती काटेकोर राहायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, पण माहीत असून ठरवा. दुकानात ‘प्रेझ्यूर आनिमाल’ म्हणजे प्राणिज. ‘व्हेजेताल’ किंवा ‘मिक्रोबियँ’ असेल तर चालेल. तुमच्यासाठी खास सांगावं असं एक आहे, ‘ब्रूस द्यु रोव्ह’. मार्सेयच्या आसपास वळणदार लांब शिंगांच्या रोव्ह जातीच्या बकऱ्या असतात. त्यांचं दूध तापवून त्यात पाणी घातलेला पांढरा व्हिनेगर टाकतात आणि दूध फाटतं. रेनेट नाहीच. म्हणजे आपण पनीर करतो तीच कृती. ते बारीक, लांब, निमुळत्या नळ्यांत भरून विकतात. नळीच्या बुडाशी भोक पाडून फुंकर मारायची, पांढराशुभ्र कोन बशीत उतरतो. इतका हलका की चमच्याला वजन लागत नाही. वर लॅव्हेंडरचा मध, नाहीतर ऑलिव्ह तेल आणि मीठ. मात्र नुसतं ‘ब्रूस’ लिहिलेलं घेऊ नका, ते बऱ्याचदा इतर चीजच्या उरलेल्या निवळीचं असतं. ‘रोव्ह’ आणि ‘आ.ओ.पे.’ (AOP, म्हणजे नाव आणि मूळ ठिकाण यांची सरकारी खूण) ही अक्षरं बघा.

हॉटेलात गेलात तर तीन-चार जागी सावध राहा. ‘तापनाद’ म्हणजे काळ्या ऑलिव्हची चटणी, तिच्यात अँकोव्ही मासा असतो. ‘पिसालादियेर’ या कांद्याच्या पोळीवरही तोच. ‘फुगास’ पावात कधी डुकराच्या चरबीचे तुकडे असतात. सूप ओ पिस्तूतही काही जण मांस घालतात. ‘व्हेजेतारियँ’ म्हटलं की मासा चालेल असं काहींना वाटतं, म्हणून सरळ ‘साँ व्हियांद, साँ प्वासों’ म्हणा, मांसाशिवाय, माशाशिवाय. दुपारी बारा ते दोन आणि संध्याकाळी सात ते नऊ या वेळांबाहेर खेड्यातलं हॉटेल जेवण देत नाही. तीन वाजता भूक लागली तर काहीच नाही. म्हणून गाडीत नेहमी पाव आणि फळं ठेवा.

दुसऱ्या प्रश्नाकडे येते. उन्हाळ्यातला इथला दिवस मधे मोडलेला असतो. सकाळ बाजाराची, फिरण्याची. बारानंतर ऊन चढतं आणि खेडं दारं मिटून घेतं. तुमच्या घराला बाहेरून लाकडी झडपा असतील. सकाळी नऊच्या आत खिडक्या आणि झडपा बंद करा, सूर्य उतरल्यावर उघडा. जाड दगडी भिंतींचं घर दुपारभर गार राहतं. बाहेरून येणारे पाहुणे भर दुपारी ‘हवा यावी’ म्हणून खिडक्या उघडतात आणि रात्रभर तळमळतात. दुपारी जेवा, झोपा, वाचा. पाच वाजता दिवस पुन्हा सुरू होतो आणि जुलैत साडेनऊपर्यंत उजेड असतो. म्हणजे आपल्या अख्ख्या दिवसाएवढी संध्याकाळ हातात येते.

ही संध्याकाळ कुठंही जाण्यात घालवू नका. अंगणात टेबल असेल, बहुधा प्लेन किंवा तुतीच्या झाडाखाली. तुती इथं रेशमाच्या धंद्यासाठी लावली गेली, धंदा गेला आणि सावली राहिली. सात वाजता टेबलावर ऑलिव्ह, खरबुजाच्या फोडी, भाजलेल्या बदामांची वाटी ठेवा. वाइन घेत नसाल तर बदामाचं सरबत ‘ओर्झा’ गार पाण्यात, किंवा पुदिन्याचं. जेवण साडेआठला. टेबलावर फार पदार्थ नकोत, पण ते एकापाठोपाठ एक येऊ द्या. आधी टोमॅटो, मग तियाँ, मग ब्रूस, मग जर्दाळू. मधे बोलायला वेळ मिळतो. दिवसभर करकरणारे सिगाल किडे अंधार पडायच्या सुमारास एकदम थांबतात, आणि त्या शांततेत शेजारच्या टेबलावरचं बोलणंसुद्धा ऐकू यायला लागतं. गावच्या चौकात पेतांक चालू असेल. लोखंडी गोळे टाकण्याचा हा खेळ याच प्रोव्हाँसमध्ये, ला सियोता गावात जन्मला. भाच्याला कडेला उभं राहून बघू द्या. तिसऱ्या संध्याकाळी कुणीतरी गोळा त्याच्या हातात देईलच.

त्याच्यासाठी पाणीही हवं. फाँतेन द व्होक्ल्यूज इथं सोर्ग नदी डोंगराच्या पोटातून उगम पावते, पाणी वर्षभर तेरा अंशांच्या आसपास, पाचूसारखं हिरवं. तिथून कयाक घेऊन लील-स्यूर-ला-सोर्गच्या दिशेनं सुमारे आठ किलोमीटर वाहत यायचं. पोहण्याइतकी ऊब त्या पाण्याला नाही. पाण्यात डुंबायचं असेल तर माँ व्हाँतूच्या उत्तर पायथ्याशी तुलुराँ नदीची घळ आहे, तिथं पाऊलवाट नाही, नदीतूनच चालायचं. जुनी कॅनव्हासची पादत्राणं घाला आणि सकाळी जा, दुपारी गर्दी होते. वळवाचं आभाळ असेल त्या दिवशी जाऊ नका, घळीत पाणी झपाट्यानं वाढतं.

लॅव्हेंडर तुम्हाला बघायचं असणारच. व्हालाँसोलच्या पठारावर जुलैच्या मध्यावर कापणी सुरू होते, म्हणून तिकडे जायचं तर पहिल्या दोन-तीन दिवसांतच. नाहीतर सरळ सो गावाकडे चढा, उंचीमुळे तिथं फुलं उशिरापर्यंत टिकतात. व्हालाँसोलला दिसतं ते बहुतेक ‘लाव्हांदँ’ हा संकर, एका काडीला तीन तुरे, वासात कापराची झाक. उंचावर वाढणारं खरं लॅव्हेंडर ठेंगणं, एका काडीला एकच तुरा, आणि वास कितीतरी मऊ. दोन्ही चुरडून हुंगा, फरक लगेच कळेल. फक्त जमिनीवर पडलेल्या काड्या उचला, ओळींत शिरून तोडू नका, ते कुणाचं तरी वर्षाचं पीक आहे. कापणीच्या दिवसांत अर्क काढण्याची भट्टी चालू असते, ती दारातून बघता येते.

चौदा जुलैचा राष्ट्रीय सण तुमच्या मुक्कामात येतोय. मोठ्या शहरात जाऊ नका, आपल्याच खेड्यात राहा. चौकात लांबलचक टेबलं मांडतात, नाच असतो, आजी आणि नातू एकाच गाण्यावर नाचतात. जेवणाचं तिकीट आधी घ्यावं लागतं, बेकरीत किंवा नगरपालिकेत विचारा, आणि शाकाहारी आहोत हे तेव्हाच सांगा. आतषबाजी असेल, पण रान फार सुकलं असेल तर ती रद्द करतात. वणव्याची भीती इथं खरी आहे. उन्हाळ्यात काही दिवस डोंगरातल्या वाटा प्रशासन बंद ठेवतं, म्हणून फिरायला निघण्याआधी आदल्या संध्याकाळी चौकशी करा. रानात किंवा रानालगत चूल, शेगडी, सिगारेट काहीही नको.

एका रात्री पूर्वेकडे फोर्काल्कियेच्या बाजूला जा आणि दिव्यांपासून लांब गाडी थांबवा. तिथलं आकाश इतकं काळं आणि स्वच्छ आहे की फ्रान्सनं आपली एक मोठी वेधशाळा तिथं बांधली. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती फिरणारा पहिला परग्रह १९९५ साली तिथल्याच दुर्बिणीतून सापडला, आणि तो शोधणाऱ्या दोघांना २०१९ मध्ये नोबेल मिळालं. चौदा वर्षांच्या मुलाला हे गाडीत बसल्या बसल्या सांगा आणि मग दिवे बंद करा.

सामानाचं थोडक्यात. युरोपात बाहेरून दूधदुभतं आणायला बंदी आहे, तेव्हा साजूक तूप, पेढे, चक्का नको. ताजा कढीपत्ता आणि आंबेही नकोत. गोडा मसाला, हिंग, सुक्या मिरच्या, मुगाची डाळ खुशाल आणा. हिरवी तिखट मिरची इथं शोधावी लागते. शनिवारी पोचाल त्या दिवशी गावातलं दुकान संध्याकाळी सातच्या सुमारास बंद होईल, आणि रविवारी दुपारनंतर काहीच उघडं नसतं. म्हणून येताना वाटेत पास्ता, अंडी, तेल, मीठ घेऊन ठेवा. बाकी सगळं रविवारी सकाळी कुस्तेलेला.

आणि निघायच्या दिवशी, २५ तारखेला, पुन्हा शनिवार. घर दहाच्या आत सोडावं लागेल, पण आप्तचा बाजार आठला भरलेला असतो. एकानं सामान आवरावं, एकानं बाजारात जावं. बेर्जरों जर्दाळू पिशवीभर घ्या, ते प्रवासाला टिकतात. मग खरबूजवाल्यासमोर उभे राहा, बोंजूर म्हणा, आणि त्यानं विचारलं की सांगा ‘पूर मिदी’, आज दुपारसाठी. घरी नेऊन कापा, डब्यात भरा. आव्हीन्योंहून पॅरिसची गाडी दोन तास चाळीस मिनिटं घेते, डबा वाटेतल्या व्हालाँस शहराच्या आसपास उघडा.